रविवारची वेचणी आणि खांद्यावरचं जू

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. नाव-गाव देत नाही. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधात तुरीच्या ओळी. दिवाळीपासून घरची वेचणी, आणि घरची नसेल त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचायला जाणं. शुक्रवारी उपवास प्रार्थना. रविवारी मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलच्या गोष्टींचा वर्ग, त्याच घेतात, महिला मंडळाचा हिशेबही त्यांच्याकडेच. त्यांच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक (धर्मगुरू) आले आहेत, त्यांनी सांगितलं की रविवारी वावरात पाय ठेवणं पाप आहे. ताई विचारतात, "पाणी आलं अन् कापूस भिजला तर मंग ते पाप कोनाच्या खात्यात?" आणि पुढे लिहितात, "दुपारी जराशी लवंडली का मनाले खाते. देवाच्या कामात आळस करून राहिली असं वाटते. ख्रिस्ती बाईले विसावा घ्याची परवानगी तरी हाये का?"

ताई, सलाम. मी बत्तीस वर्षं पाळक होतो आणि ती सगळी खेड्यांतच गेली, बहुतेक यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत. वडील सालगडी होते, त्यामुळे डवरणी, वेचणी, जागल हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे जीव टांगणीला नको. आभाळ भरून आलं असेल आणि फुटलेली बोंडं झाडावर लोंबत असतील तर रविवारी कापूस घरात आणणं पाप नाही. प्रभू येशूनेच परूशी म्हणजे नियमावर बोट ठेवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना विचारलं होतं, शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, तुमच्यापैकी कोणाचा बैल विहिरीत पडला तर त्याला लगेच वर काढणार नाही का? बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. भिजून पिवळा पडलेला कापूस व्यापारी कसा हातात घेऊन तोंड वाकडं करतो ते तुम्हाला माहीत आहे. तो विहिरीत पडलेला बैलच आहे, काढा बाहेर. फक्त एक ध्यानात ठेवा. बैल दर रविवारी विहिरीत पडत नसतो. पडत असेल तर विहिरीला कठडा बांधायची वेळ आली आहे.

हे का म्हणतो, तर बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात एक वचन आहे, एकविसावं. त्यावर उपदेश मी क्वचितच ऐकला. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, आणि त्याला जोडूनच म्हटलं आहे की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही घे. शेतकऱ्याची नस ओळखणारं वचन आहे हे. आपण काय म्हणतो? एवढी सोयाबीनची सोंगणी होऊ द्या. मग एवढी वेचणी होऊ द्या. मग तूर उभी असते, मग हरभरा, मग उलंगवाडी, मग वखरणी, आणि मग डोक्यावर मृग. काम आटोपल्यावर बसू म्हणणारा शेतकरी थेट मातीतच आडवा होतो. माझे वडील तसेच गेले.

आता तुमच्या पाळकांबद्दल. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. तरुण आहेत, तरुणपणी ओठावर नियम आधी येतो, माझ्याही यायचा. पण रविवारचा इतिहास त्यांनी जरा पाहावा. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हतीच. त्यात पुष्कळ जण गुलाम होते, मजूर होते. इसवी सन ११२ च्या सुमाराचं प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराचं पत्र आहे, बिथुनिया प्रांतातून सम्राट त्राजानला लिहिलेलं. त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताचं गीत म्हणतात, पांगतात आणि नंतर पुन्हा जेवायला एकत्र येतात. मधला दिवस? तो बहुतेकांचा कामावरच जात असणार. रविवारची सुट्टी कायद्याने आली ती सम्राट कॉन्स्टंटाईनच्या हुकमाने, इसवी सन ३२१ मध्ये. शहरातल्या न्यायाधीशांनी, लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं असा तो हुकूम. आणि गंमत पाहा, त्याच हुकमात खेड्यातल्या शेतकऱ्याला सूट आहे, कारण पेरणीला किंवा द्राक्षाची रोपं लावायला तसा दिवस पुन्हा सापडेलच असं नाही! चौथ्या शतकातच लावदिकीयाच्या धर्मसभेने प्रभूचा दिवस म्हणजे रविवार मानावा आणि त्या दिवशी काम करू नये असं ठरवलं, पण तिथेही एक पुस्ती जोडली: शक्य असेल तर.

सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट बांधव शनिवार पाळतात. कॅथलिकांना रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, बंधनकारक आहे, अडचणीच्या कामाला तिथेही वाट आहे. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवसांवरून भांडणाऱ्यांना सांगितलं की ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. मी यावर अधिक वाद घालत नाही. दिवस कोणता, यावर मंडळ्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि फुटल्यावर दोन्हीकडचे लोक तेवढेच थकलेले होते.

खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे. परवानगीचा.

शब्बाथाची आज्ञा बायबलात दोनदा आली आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलं आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचं: सहा दिवसांत देवाने सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण मिसर म्हणजे इजिप्त देशाचं: तू तिथे दास होतास, हे आठव. आणि तिथे एक ओळ जास्तीची आहे, तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. बैल, गाढव, सगळी गुरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांची नावं घेतली आहेत. म्हणजे ही आज्ञा मुळात कोणाला उद्देशून आहे? ज्याच्या हाताखाली कोणीतरी राबतं त्याला. सालगड्याला कोणी म्हणत नाही की तू आपल्या मर्जीने बस. मालकाला म्हणतात की त्याला बसू दे.

आणि मिसरात काय चाललं होतं ते निर्गमच्या पाचव्या अध्यायात वाचा. दास झालेल्या इस्राएल लोकांचा पुढारी मोशे जाऊन मिसरच्या राजाला, फारोला म्हणतो, आमच्या लोकांना रानात जाऊन परमेश्वरासाठी उत्सव करू दे. फारो काय करतो? विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. पेंढाही तुम्हीच गोळा करा, विटाही तेवढ्याच पाडा. वर म्हणतो, आळशी आहात तुम्ही, आळशी, म्हणून उपासनेला जाऊ दे म्हणता. ताई, दुपारी लवंडल्यावर जो आवाज तुमच्या मनात "आळशी" म्हणतो ना, तो बायबलात देवाचा नाही. तो फारोचा आहे. तुम्ही किलोवर वेचता. संध्याकाळी काट्यावर वेचलेल्या कापसाची ओटी ठेवली की आकडा सांगतो तुमची किंमत किती. तोच काटा आपण नकळत घरी आणतो, मंडळीत आणतो, शेवटी प्रार्थनेतही आणून ठेवतो. आज देवासाठी किती किलो झालं?

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी ती मागून घेतली म्हणून. लोखंडे जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. आपल्या वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला जात होता त्याच काळातली ही गोष्ट. सूत काढणाऱ्याला सुट्टी मिळाली. बोंड वेचणारीला कोणी दिली? आपल्याकडे मजुराचा मोकळा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. चुकारा हातात पडतो, तेल-मीठ-मिरची आणायची, उधारी फेडायची. बाई त्या दिवशीही पिशव्या उचलूनच घरी येते.

आता जुवाचं सांगतो, कारण माझं सगळं शिक्षण तिथे झालं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वडील ज्या पाटलांकडे सालाने होते त्यांची एक जोडी होती, एक पांढरा आणि एक कोसा. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे वडील बैलांची पूजा करत नसत, पाटलांनीही कधी आग्रह केला नाही. पण खांदे मळायचं काम दरवर्षी वडिलांचंच. कोमट पाण्याने खांदा धुवायचा, मग हळद आणि लोणी हातावर घेऊन हळूहळू चोळायचं. आखाडभर डवरे ओढून खांद्याची कातडी घट्टा पडून राठ झालेली असे. कोश्याला एका साली खांदेसूज झाली होती, त्या जागी हात गेला की तो कातडी थरथरवायचा. वडील तिथे बोट न लावता तळहात नुसता ठेवून उभे राहायचे. मग कानाशी जाऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्या दोघांच्या मानेवर जू ठेवायची कोणाची हिंमत नव्हती.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. त्याच रात्री आई चुलीपुढे बसली होती. पदर सरकला तेव्हा मानेमागे ओटीच्या गाठीचा काळा वळ दिसला. जुनाच होता, मी पहिल्यांदा पाहिला. वडिलांच्या हाताला अजून लोण्याचा वास येत होता. त्यांनी ते हात राखेने घासले, धुतले आणि जेवायला बसले. आईने वाढलं. वडील वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पुढे सेमिनरीत मत्तयचा अकरावा अध्याय शिकलो. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे आपल्या प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. दोन वचनं पुढचं, तिसावं, मात्र भिंतीवर नसतं, "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." शिक्षकांनी सांगितलं की सोयीचे या जागी ग्रीकमध्ये ख्रेस्तोस हा शब्द आहे आणि त्यात चांगलं, मायाळू असाही अर्थ येतो. दुसऱ्या शतकातला जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक म्हणतो की प्रभू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवत असे. मला एकदम आमच्या गावचा सुतार आठवला. तो जू घडवताना बैल समोर आणायला लावायचा, मानेचं माप डोळ्यांनी घ्यायचा आणि जिथे खांदा टेकणार तिथे रंधा मारून हात फिरवून बघायचा. खडबडीत जुवाने बैलाचा खांदा येतो, हलक्या जुवाने नाही.

दोन गोष्टी त्यातून कळल्या. बिनजुवाचं आयुष्य प्रभूने कबूल केलेलं नाही, म्हणून वेचणी, शब्बाथ शाळा, घर हे सगळं टाकून बसा असा याचा अर्थ मी काढत नाही. आणि दुसरं म्हणजे, बैलाला स्वतःचं जू स्वतः सोडता येत नाही. शिवळ म्हणजे जुवाची खुंटी उपसून जोतं कोणीतरी सोडावं लागतं. बत्तीस वर्षांत मी जे काही शिकलो ते एवढंच आहे. आपण थकलेल्या माणसाला सांगतो, जरा आराम करत जा. तो कसा करेल? गाठ त्याच्या हाताला येत नाही. दुसऱ्या कोणीतरी सोडायला हवी.

माझी गाठ कशी सुटली ते ऐका, हसू येईल. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे चार गावं होती. रविवारी सकाळी आठला एक, अकराला दुसरं, तीनला तिसरं, सातला चौथं. जोडीला एक सेवक द्या म्हणून वरच्या मंडळाला तीनदा लिहिलं, पोहोच सुद्धा आली नाही. आदल्या रात्री एका घरी मयत झाली होती, मी रात्रभर तिथेच. त्या रविवारी उपदेशाचं वचन होतं, तुम्हाला सांगायला नकोच, मत्तय अकरा अठ्ठावीस. तीन गावांत विसाव्यावर बोललो आणि चौथ्या गावाच्या वाटेवर चालत्या मोटारसायकलवर झोपलो. डोळे उघडले तेव्हा तोंडाशी तुरीची पिवळी फुलं आणि गाडीचं चाक वर फिरत होतं. ओलित करणारा एक गडी पळत आला आणि म्हणाला, "साहेब, तुमी काय गाडीवर झोपले होते का?" गळ्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. बायको दवाखान्यात म्हणाली, "गावाले विसावा वाटून आले, अन् घरी चिमूटभर बी उरला नाही."

त्या सहा आठवड्यांत चारही गावांत उपासना झाल्या. एका ठिकाणी अक्षर न येणाऱ्या एका म्हातारीने सगळी गीतं पाठ म्हणून उपासना चालवली. दुसऱ्या गावात तर हजेरी वाढली. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही, दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात प्रभूने शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी उगवून वाढतं, कसं ते त्याला कळतही नाही. त्याच अध्यायात पुढे वादळात होडी भरत असताना प्रभू स्वतः उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. इतकी वर्षं शिकवत होतो आणि मला वाटत होतं की मी जागा राहिलो नाही तर पीक येणार नाही.

बरा झाल्यावर एका गावचे वडील मंडळी घरी आले. सोमवारी आमच्यापैकी कोणीही तुम्हाला बोलावणार नाही, मयत सोडून, असं त्यांनीच ठरवून आणलं होतं. मी स्वतः कधीच मागितलं नसतं.

आता तुमच्या शरीराबद्दल बोलतो, आणि हे पाळक म्हणून कमी, म्हातारा माणूस म्हणून जास्त. दुपारी लवंडल्याशिवाय राहवत नसेल, जिना किंवा बांध चढताना धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडच्या कष्टाच्या बायांत रक्त कमी असणं फार, आणि मी कितीतरी जणींना आत्मिक थंडपणाबद्दल प्रार्थना करताना पाहिलं ज्यांना लोहाच्या गोळ्यांची गरज होती. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. घरात कोणाला असेल तर ती तपासणीही करा. ज्याला सिकलसेल आहे त्याने पाणीसुद्धा न घेता उपवास करून उन्हात राबणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं आहे. शुक्रवारची उपवास प्रार्थना असेल आणि त्याच दिवशी वेचणीला जायचं असेल तर प्रार्थना करा, उपवास सोडा. देव पोटाचा हिशेब मागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी अख्खं गाव लवंडतं आणि कोणाच्याही मनाला खात नाही. मग डिसेंबरात तुमच्याच का खावं?

एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवतच असाल, कर्मेल डोंगरावरची. पुढचा अध्याय शिकवता का? १ राजे १९. एवढा मोठा विजय झाल्यावर तो माणूस पळत रानात जातो, रतम झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो, हात लावून उठवतो, खा म्हणतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, म्हणतो की वाट लांब आहे, तुला झेपणार नाही. विश्वास कमी पडला, असं एकदाही म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात "आता पुरे" म्हणणारी माणसं किती घरांतून गेली ते मी मोजायला नको. घरधनी रात्र रात्र जागा राहत असेल, बोलणं कमी झालं असेल, तर त्याला वचनं ऐकवण्याआधी जेवायला घाला, जवळ बसा आणि सरकारच्या टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

रब्बीत कृषिपंपाची लाईन पुष्कळदा रात्रीची असते, त्यात रानडुकरांसाठी जागल. स्तोत्र १२७ म्हणतं की परमेश्वर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ. याचा अर्थ वावर डुकरांना सोडून द्या असा नाही. पाळी लावा एवढाच. तुम्ही आणि शेजारच्या दोन वावरांनी मिळून एकेकाने दोन रात्रींआड जागल केली तर तिघांनाही झोप मिळते. तसंच वेचणीचं. जुने लोक ज्याला इर्जिक म्हणत, ते मंडळीतल्या पाच-सहा घरांनी करून पाहा: शनिवारी सगळ्यांनी मिळून ज्याचा कापूस जास्त फुटला त्याचं वावर उरकायचं. मी एका गावात हे तीन हंगाम चालवलं. चौथ्या हंगामात दोन घरांचं भांडण झालं आणि मोडलं, तेही सांगून टाकतो. पण तीन हंगाम रविवारी कोणाचा बैल विहिरीत पडला नाही. दुसऱ्या एका गावात दिवाळी ते संक्रांत उपासना संध्याकाळी सातला ठेवली. तुमच्या पाळकांना हे विचारून पाहा, चिडतील असं वाटत नाही. आणि तुमच्याच वावरात रविवारी दुसऱ्या बाया किलोवर बोलावणार असाल तर जरा थांबा. तिथे तुम्ही दासी नाही, मालकीण आहात, अनुवादची ती ओळ तुमच्यासाठी आहे.

रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाची मोजणी संध्याकाळ झाली, सकाळ झाली अशी आहे. संध्याकाळ आधी. यहुदी लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारी दिवस मावळल्यावर लागतो. म्हणजे दिवसाची सुरुवात झोपेने होते, आपण उठतो तेव्हा देवाचं काम आधीच सुरू झालेलं असतं. शनिवारी दिवेलागणीनंतर नवीन काम हाती घ्यायचं नाही, एवढं पाळून पाहा. मोबाईलवर रात्री साडेअकराला प्रार्थना-विनंत्या पाठवणारे ग्रुप आहेत, ते सकाळी वाचले तरी देवाने ऐकलेलं असतं.

आणि ते रविवारचं मटण! आपल्या ख्रिस्ती घरांत उपासना सुटली की बापे ओट्यावर गप्पा मारतात आणि बाया मसाला वाटतात, पाहुणे आले की दुप्पट. रविवारी मटण पाहिजे हे मला तरी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठे सापडलेलं नाही. पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेला प्रभू म्हणाला होता, तू पुष्कळ गोष्टींविषयी चिंता करतेस. त्यावर आपण मार्थेला रागावतो आणि तिच्याच हातचं जेवतो. तिचा भाऊ लाजर त्या घरात कुठे होता, भाकरी थापायला का उठला नाही, हे कोणी विचारत नाही. मटण शनिवारच्या रात्री करा, रविवारी पिठलं-भाकर. किंवा तुमच्या यजमानांना करू द्या. माझं मी सांगतो, निवृत्तीनंतर रविवारचा चहा मी करतो. साखर जास्त पडते, बायको पहिले सहा महिने बोलून दाखवायची, आता बोलत नाही.

महिला मंडळाचा हिशेब संक्रांतीपर्यंत दुसरीकडे द्या. कोणी घेणार नाही असं तुम्हाला वाटत असेल. विचारून तर पाहा. वही पुढे करा आणि गप्प राहा. शब्बाथ शाळा सोडू नका, ती तुम्हाला आवडते असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

हे उत्तर यजमानांना वाचून दाखवा. पोळ्याचा भाग आधी. ते शेतकरी आहेत, बैल ठेवला असेल तर खांदा कसा मळतात ते त्यांना माहीत आहे, आणखी काही समजावून सांगू नका. आणि येत्या रविवारी शाळेच्या पोरांना एकच गोष्ट सांगा, एलियाची, भाकरीपर्यंत. मग त्यांना चिंचेखाली खेळू द्या अर्धा तास. तुम्ही बुंध्याला पाठ टेकून बसा. डोळा लागला तर लागू द्या, पोरं काही पळून जात नाहीत.